पेडल बसतंय

चैत्र निम्मा सरला तसे दौंडच्या अंगाचे कांदे एकदम काढणीला आले. पातीनं माना टाकल्या होत्या. ऊन चढलं की माती अशी आवळायची, की उपटताना पात हातात यायची आणि कांदा जमिनीतच राहायचा. म्हणून मालकांचं एकच टुमणं असायचं, बाया सहाच्या आत वावरात पाहिजेत. गिताबाई साडेचारला उठून भाकरी थापायची, सासऱ्याची भाकरी फडक्यात बांधून मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरीपाशी ठेवायची आणि पाचला निमोण्याच्या वेशीत पिकअप उभी करायची. मागं तेरा बाया आणि पुढं तिच्या शेजारी दगडाबाई. दगडाबाई टोळीची म्होरकी. साठी ओलांडलेली, गुडघ्याला चिंधी बांधलेली, पण कुणाचे किती वाफे झाले ते तिला मान न वळवता कळायचं.

पिकअप जुनी होती. फाळक्याचा पत्रा गंजलेला, डावा आरसा सुतळीनं बांधलेला. ती चालवायला गिताबाईला नवऱ्यानंच शिकवलं होतं, ऊस तुटून गेलेल्या रिकाम्या वावरात, हसतखेळत. आता संपत स्वतः चालवत नव्हता. सात महिने झाले, त्यानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. याच गाडीपुढं त्याची आई गेली होती.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मालनबाई वैरणीचा भारा घेऊन ओढ्याच्या मोरीपाशी उभी होती. संपत मागं एक नुकती व्यालेली मेंढी आणि तिची दोन कोकरं घालून येत होता. आई दिसली तशी तिला घ्यायला म्हणून त्यानं गाडी हळू केली. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. मालनबाई गाडी आणि मोरीचा कठडा यांच्यामधी सापडली.

"हळू दाबला. पेडल खाली गेलं." संपत तेव्हापासून एवढंच सांगत होता. पोलिसांनी एक तपासनीस आणला. त्यानं मैदानात गाडी पळवली, दाणकन ब्रेक मारला आणि चाकं जागच्या जागी रुतली. ब्रेकच्या डबीत तेल पुरेपूर होतं, गळती कुठं नव्हती. ब्रेक ठीक, असं त्यानं लिहून दिलं. मग गावानं आपलं ठरवून टाकलं. एवढ्या हळू गाडीला आई दिसली नाही म्हणजे गडी मोबाईलमधी बघत असणार. गिताबाईनं एका दुपारी तो झोपलेला असताना त्याचा मोबाईल उघडून बघितला. अपघाताच्या चार मिनिटं आधी कुणाचा तरी फोन येऊन गेला होता. तिनं मोबाईल होता तसा ठेवला. कुणाला काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलताना ती त्याच्या तोंडाकडं बघेनाशी झाली.

सासरा, म्हस्कूआबा, तर पोराशी बोलायचाच थांबला. संपत कोरेगाव भीमाला एका कारखान्यात खोकी उचलायला लागला, तिकडंच चौघांत खोली करून राहिला. शनिवारी दिवस मावळायला यायचा, सोमवारी पहाटे जायचा. तो घरात असला की म्हातारा मेंढरांत जेवायचा.

गाडी पोलिसांकडून सुटून आल्यावर दोन महिने ताडपत्रीखाली उभी होती. मग एके दिवशी गिताबाईनंच ताडपत्री काढली. पुढचा बंपर तिनं आपल्या हातानं धुतला, तीन वेळा, आणि चावी फिरवली. घरात दुसरं चालवण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी भीमेच्या पुलाच्या उतारावर ते पहिल्यांदा झालं. पुढं उसाची ट्रॉली डुलत चालली होती. गिताबाईनं नेहमीसारखा पाय अलगद टेकवला. मागं बाया उभ्या असायच्या, एकमेकींच्या खांद्याला धरून, म्हणून तिला ब्रेक असा मऊच मारायची सवय लागली होती. पेडल नेहमीच्या जागी अडलं नाही. पायाखालून चिखल सरकावा तसं ते सरकत गेलं. ट्रॉलीतली उसाची वाढी, ती शेंड्यांची पात, काचेपुढं आली. तिनं पाय उचलून पुन्हा आपटला, आणि पेडल दगडासारखं लागलं. मागं बाया एकमेकींवर आदळल्या.

"ए गिते, वांगी भरलीत का काय मागं?" कुणीतरी ओरडलं.

 पुढचे दोन मैल गिताबाई उगाच ब्रेक दाबून बघत राहिली. दर वेळी पेडल जागेवर. मंगळवारीही दिवसभर जागेवर. तिला वाटलं आपल्यालाच भास झाला असंल.

बुधवारी वावरातून परतताना पुन्हा झालं. या वेळी पुढं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. बाया वेशीत उतरल्या तशी तिनं गाडी तडक शिरूरला रविराजच्या गॅरेजवर घातली. रविराज पस्तिशीचा, हाताचा चलाख माणूस. संपतचा एकेकाळचा दोस्त.

"पेडल बसतंय," ती म्हणाली. "रोज न्हाई. कवातरी."

"कवातरी म्हंजी कवा, वैनी?"

"तेच तर कळंना."

रविराजनं बॉनेट उघडलं, डबीतलं तेल बघितलं. चाकांमागं बॅटरी मारली, नळ्यांवरनं बोट फिरवलं. बोट कोरडं. मग तिला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली आणि पन्नासच्या वेगात असताना कचकन ब्रेक मारला. गिताबाईचं कपाळ काचेवर आदळता आदळता राहिलं.

"लागला का न्हाई?"

"लागला."

"परत बघा." पुन्हा कचकन. "आता? टकाटक हाय की."

गॅरेजवर परतल्यावर त्यानं मागचे लायनर आवळले, चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली आणि हात पुसत म्हणाला, "गाडीत काय न्हाई. लेडीज पाय हलका असतो, वैनी. ब्रेकला पाय असा ठिवायचा, विंचू मारल्यावानी."

बाकड्यावर बसलेले तिघं हसले. त्यातला एक म्हणाला, "ही तीच गाडी न्हवं का?" दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. हसू एकदम थांबलं. ते हसत होते तेव्हा गिताबाईला इतकं लागलं नव्हतं, जितकं ते गप्प झाल्यावर लागलं. ती पदर सावरून गाडीत चढली, आणि मागं घेताना तिच्या हातून गाडी बंद पडली. पुन्हा चालू करेपर्यंत चौघंही दुसरीकडं बघत राहिले.

गुरुवारी पेडल चांगलं. शुक्रवारी सकाळी चांगलं, दुपारी इंजिन तापल्यावर दोनदा बसलं. ती आता हिशेबानंच चालवायची, पुढच्या वाहनापासून लांब राहायची, उतार आला की गिअर खाली टाकायची. वावरात दिवसभर वाकून कांदे काढून कंबरेचा काटा ढिला झालेला असायचा, पण गाडीत बसलं की वेगळंच काहीतरी व्हायचं. उजव्या पायाची पोटरी आपोआप ताठायची आणि वेस येईपर्यंत सुटायची नाही.

"तुझा पाय का थरथरतोय गं?" दगडाबाईनं शुक्रवारी विचारलंच.

"दिवसभर उकिडवं बसून गोळा आलाय, मावशी."

दगडाबाईनं तिच्याकडं बघितलं. गिताबाईला वाटलं, आता सांगावं. पण सांगितलं की बाया उद्या गाडीत बसणार नाहीत. कांदा काढायचा अजून आठ दिवसांचा. टोळी दुसरी गाडी बघंल. उद्या संपत येईल, त्याला विचारू, असंही मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की त्याच्यापुढं ब्रेक हा शब्द काढायचा कसा?

शनिवारी दुपारी परतताना दौंडच्या अलीकडच्या रेल्वे फाटकाशी त्यांना थांबावं लागलं. मालगाडी यायची होती. फाटकाकडं रस्त्याला हलकासा उतार. पुढं एक मोटारसायकल, तिच्यावर नवराबायको आणि बायकोच्या मांडीवर टोपरं घातलेलं बाळ. गिताबाईनं पाय पेडलवर टेकवून धरला. ऊन तापलं होतं. बाया मागं काहीतरी बोलून खिदळत होत्या. रूळ थरथरायला लागले.

आणि पायाखालचं पेडल खाली चाललं.

ती दाबत नव्हती. नुसता पाय ठेवला होता. नखाएवढं, बोटाएवढं, असं ते सावकाश बसत गेलं आणि पिकअप पुढं सरकायला लागली. मोटारसायकलचं मागचं चाक बंपरखाली दिसेनासं झालं. बाईनं मान वळवली. बाळाचं टोपरं एवढं जवळ आलं, की गिताबाईला त्याच्या काठाची वीण दिसली.  पाय पेडलसंगट तळाला लागला होता, तो उचलायचा आहे हे तिला कळत होतं आणि पाय उचलत नव्हता. दगडाबाईनं किंकाळी फोडली. त्या किंकाळीनं पाय सुटला. तिनं तो उचलून सगळ्या अंगानिशी आपटला. गाडी हिसका देऊन थांबली. बंपर मोटारसायकलच्या मडगार्डला टेकला होता. नुसता टेकला होता.

मालगाडी धडधडत जायला लागली. ती जाईपर्यंत कुणाचं काही ऐकू आलं नाही. मोटारसायकलवाला तोंडानं शिव्या देत होता एवढं दिसत होतं. गिताबाईनं हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. फाटक उघडलं, मागची वाहनं हॉर्न मारत बाजूनं गेली, तरी तिची बोटं सुटेनात.

फाटकालगत पत्र्याची एक शेड होती. तिथला म्हातारा तिच्या खिडकीशी आला. अँथनी त्याचं नाव, रेल्वेत डब्यांच्या ब्रेकचा फिटर होता, रिटायर होऊन बारा वर्षं झालेली. हे सगळं तिला मागून कळलं. तेव्हा तिला दिसला तो खाकी अर्धी चड्डी घातलेला, जाड भिंगाचा एक माणूस.

"ताई, गाडी सरकली ती मी बघितली," तो म्हणाला. "चाकाला दगड लावलेत. घाबरू नका. इंजिन चालू राहू द्या. आता पेडल दाबा. हळू. मघाशी ठेवला होता तसा पाय."

तिनं ठेवला.

"दाबून धरा. मी मोजतो."

तो नऊपर्यंत मोजेस्तोवर पेडल तळाला गेलं.

"आता सोडा, आणि जोरात मारा."

तिनं मारलं. पेडल अर्ध्यावर दगडासारखं अडलं.

"पुन्हा हळू."

पुन्हा बसलं.

"तेल कमी होतं का?"

"न्हाई. थेंबबी न्हाई. मिस्त्री म्हनला बिघाड न्हाई. पाय हलका हाय म्हनला."

"मिस्त्रीनं जोरात मारून बघितलं असंल."

"व्हय."

"जोरात मारल्यावर हा बिघाड सापडतच नाही." म्हाताऱ्यानं बॉनेट उघडून ब्रेकच्या पंपावर बोट ठेवलं. "ह्याच्या आत रबराची वाटी असते. ती तेल पुढं ढकलते. वाटीची कड झिजली की तेल बाजूनं मागं निसटतं. बाहेर नाही गळत, आतल्या आत. दणका दिला की रबर फुगून कड धरतं. हळू दाबलं की तेलाला वाट मिळते. तुमचा पाय बरोबर होता, ताई. हळू दाबणाऱ्यालाच हे कळतं."

गिताबाई त्याच्याकडं बघत राहिली. त्याचे ओठ पुढं हलत होते, पण तिला ऐकू येईना. हळू दाबला. पेडल खाली गेलं. सात महिने तिनं ते वाक्य ऐकलं होतं, पोलिसांपुढं, दहाव्याला, गावातल्या माणसांपुढं, आणि एकदा अंधारात, उशीवर, तिच्याच कानाशी. ती तेव्हा कूस बदलून झोपली होती.

"हे कवापासनं असंल?" तिनं विचारलं. "सात म्हैन्यांमागं असंल का?"

"खोलल्याबिगर कसं सांगू?"

"मग खोला."

बाया खाली उतरल्या होत्या. त्यांना काय झालं ते कळलं होतं. दगडाबाई पुढं आली.

"कवापासनं बसतंय पेडल?"

"सोमवारपासनं, मावशी."

"आन् आज शनवार."

"व्हय."

"मागं माझी सून बसतीया. चौथा म्हैना चाललाय तिला. ठावं हाय तुला."

 दगडाबाईनं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तिनं नुसतं सुनेच्या हातातलं भाकरीचं फडकं आपल्या हातात घेतलं आणि म्हणाली, "चला गं." तेरा बाया तिच्या मागनं रस्त्याच्या कडेनं चालायला लागल्या. शेवटची वळणाआड जाईपर्यंत गिताबाई त्यांच्या पाठी बघत होती. एकीनंही मागं वळून बघितलं नाही.

गाडी ढकलून शेडमधी नेली. अँथनीनं पंप काढला, उभा कापल्यासारखा आतून बाहेरून दाखवला. नळीच्या आत तांबेऱ्याचं कडं धरलं होतं, बोटाला खरखरीत लागणारं. वाटीची कड एका बाजूनं कुरतडल्यासारखी झाली होती.

"हा गंज दोन-चार महिन्यांचा नाही," तो म्हणाला. "दीड वर्ष तरी खातोय. तेल कधी बदललंच नाही तुम्ही. पाणी धरतं ते."

गिताबाई शेडच्या दारातच खाली बसली. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला. तो तिनं हातात धरला, पण प्यायचं तिला सुचलं नाही.

"ताई? कुणाला काही झालं होतं का ह्या गाडीनं?"

"सासू गेली माझी," ती म्हणाली. "मालकांच्या हातनं." आणि थोड्या वेळानं, "आमी कुनी इस्वास ठिवला न्हाई त्यांच्यावर. म्याबी न्हाई."

ती रबराची वाटी पदरात बांधून एसटीनं घरी आली. संपत आधीच आलेला होता. ओसरीवर बसून पायांचे तळवे चोळत होता. दिवसभर फरशीवर उभं राहून त्याच्या पायांना भेगा पडायच्या. अंगणाच्या पलीकडच्या कडेला म्हस्कूआबा वाघरीशी बसून एका मेंढीचं नख छाटत होता. दिवस मावळतीला आला होता, पण उजेड होता. गिताबाई आल्या पावली नवऱ्यापुढं जाऊन बसली. सात महिन्यांनी तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. केवढा वाळला होता तो. गालाची हाडं वर आली होती.

तिनं पदराची गाठ सोडून वाटी त्याच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सोमवारपासनं ते फाटकापर्यंत. आबाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. "तुमी खरं सांगत हुतात. हळू दाबलं की बसतंयच ते. तुमची चूक न्हवती. म्या मोबाईल बघितला तुमचा, मला वाटलं... मला माफ करा. चूक न्हवती तुमची."

तिला वाटलं होतं तो रडेल, नाहीतर ओरडेल. सात महिन्यांचा राग आपल्यावर काढेल, आणि काढलेला बरा. संपत वाटीची कुरतडलेली कड अंगठ्यानं चाचपत राहिला.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय ठावं हुतं?"

"आई जायच्या आधी धा दिवस. तीनदा बसलं हुतं पेडल. एकदा शिरूरच्या बाजारात, दोनदा हितं रानात. पुन्ना दाबलं की लागायचं. म्हनलं दसरा झाला की रविराजला दावू." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "समद्यांना सांगितलं पेडल खाली गेलं म्हनून. आधीबी जात हुतं हे न्हाई सांगितलं कुनाला. पोलिसांना न्हाई, तुला न्हाई. तवा मला वाटायचं, लोकं मोबाईल म्हनत्यात ते बरं हाय. ते खोटं तरी हाय."

 गिताबाईला त्याचा राग यायला हवा होता. तो येण्याआधीच तिला सोमवार, बुधवार, शुक्रवार आठवले, दगडाबाईची चौथा महिना लागलेली सून आठवली. तिनंही तेच केलं होतं. उद्या विचारू. तिच्या गाडीपुढं ते टोपरं जेमतेम हातभर लांब राहिलं होतं.

पलीकडं मेंढी सुटून उठली. म्हस्कूआबाच्या हातातली कात्री तशीच होती. तो उभा राहिला, दोघांकडं बघितलं आणि वाघर ओलांडून अंधारत चाललेल्या माळाकडं निघून गेला. त्या रात्री त्याची भाकरी फडक्यात तशीच राहिली.

रविवारी सकाळी संपत आणि गिताबाई दौंडला जायला निघाले. एसटी आली, दोघं चढले, आणि मागनं काठी टेकत म्हस्कूआबा चढला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. मेंढरं शेजाऱ्याला सोपवून आला होता. तो ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या बाकावर एकटा बसला आणि दौंड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

नवा पंप बसवायला तासभर लागला. अँथनीनं बसवला, संपतनं नट आवळले. सुरुवातीला त्याचे हात पान्यावर टिकत नव्हते. दोनदा पाना घसरून बोटांची सालं निघाली. त्यानं रक्त चड्डीला पुसलं आणि पुन्हा धरला. मग चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची होती. ते एकाचं काम नाही. एकानं खाली झोपून चाकामागची चिमणी, हवा सोडायचं बारकं तोंड, उघडायची, एकानं पेडल दाबून धरायचं, आणि एकानं वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही.

"डबीपाशी मी थांबतो," अँथनी म्हणाला.

"म्या थांबतो," म्हस्कूआबा म्हणाला.

अँथनीनं तिघांकडं बघितलं, तेलाची बाटली म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि चहा आणायला म्हणून बाहेर गेला.

संपत मागच्या चाकाखाली पाठीवर सरकला. बाहेर त्याचे फक्त पाय दिसत होते, भेगाळलेले. गिताबाई ड्रायव्हरच्या जागी बसली.

"दाब," खालून आवाज आला. "सोड. दाब. सोड. दाब आन् धर. मी सांगीस्तवर पाय उचलू नको, न्हाईतर हवा परत आत जाईल."

तिनं दाबून धरलं. खाली चिमणी उघडली, नळीतनं फुसफुसत तेल आणि बुडबुडे निघाले, आणि पेडल तिच्या पायाखाली सरकत तळाला गेलं. तेच सरकणं. पण तिनं पाय हलवला नाही.

उघड्या बॉनेटमागं म्हस्कूआबाचं तोंड दिसत नव्हतं. फक्त बाटली धरलेला हात दिसत होता.

"तिचा गुडघा दुखत हुता त्या दिवशी," म्हातारा म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळेना. खाली डबीतच बघून बोलत होता. "म्हनली, आज मला न्हाई जायाचं वैरणीला. म्या म्हनलं, मेंढरं काय तुझा गुडघा खात्यात का? जा म्हनलं. तोंड पाडून गेली."

गाडीखालची खुडबुड थांबली.

"आन् तुला फोन म्याच लावला हुता," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्याच्या मोबाईलवरनं. आय मोरीपाशी हुबी आसंल, तिला घिऊन ये म्हनून."

गिताबाईच्या हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. चार मिनिटं आधीचा तो फोन. तिला खाली उतरून कुठंतरी पळून जावंसं वाटलं, म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले, नवऱ्याला ओढून बाहेर काढावंसं वाटलं. पण पाय पेडलवर होता आणि चिमणी अजून उघडी होती. तिनं तो तसाच रोवून धरला. 

"सात म्हैने," म्हातारा म्हणाला, "तुझ्याकडं बघितलं की मला माझंच तोंड दिसायचं."

बाहेर रुळांवर इंजिन शंटिंग करत होतं. डबे एकमेकांवर आदळल्याचा लांबलांब जाणारा आवाज आला आणि विरला.  संपतच्या पायाची बोटं मातीत आवळलेली दिसली, मग सुटली, मग पुन्हा आवळली.  शेवटी चिमणी आवळल्याचा पान्याचा कुरकुर आवाज झाला.

"सोड," संपत म्हणाला. आवाज घोगरा होता.

तिनं पाय उचलला. पेडल वर आलं.

"आबा," खालून पुन्हा आवाज आला, "डबीत तेल किती हाय?"

म्हातारा वाकून बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला, जणू त्याला रेघ दिसत नव्हती.

"निम्मं."

"वता मग. भरून ठिवा. अजून तीन चाकं ऱ्हायलीत."

म्हस्कूआबानं बाटली तिरकी केली.